तीन चमचे साधं पाणी

काल तुळिंजला मैत्रिणीकडे हसता हसता पाणी प्यायले आणि असा ठसका लागला की काही विचारू नका. ती पाठ चोळत म्हणाली, कोणीतरी आठवण काढतंय तुझी... खरं तर आठवण मीच काढत होते. माझ्या सासऱ्यांची, नानांची.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. वसईच्या खाडीकाठच्या गावात आमची केळीची वाडी, आणि वाडीत विहीर. नाना तिला बाव म्हणायचे. खाडी एवढी जवळ असूनही पाणी गोड... आणि नानांना त्याचा गर्व असा, जणू ते पाणी त्यांनीच तयार केलंय! गावात कोणी नवी विहीर खणली की पाणी चाखायला त्यांनाच बोलावणं यायचं.

त्या वर्षी संक्रांतीनंतर त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. हात-पाय महिन्याभरात बऱ्यापैकी सावरले, पण आवाज बसला तो बसलाच... आणि काही प्यायलं की ठसका. मी आपली अतिशहाणी, पेज घशात अडकेल म्हणून त्यांना घोट घोट पाणीच पाजत राहिले. ताप आला, छाती भरली, पुन्हा हॉस्पिटल.

तिथल्या स्पीच थेरपिस्ट मॅडमनी माझाच हात माझ्या गळ्यावर ठेवला आणि गिळायला सांगितलं. कंठ टुणकन वर गेला. मॅडम म्हणाल्या, हा वर जातो तेव्हा श्वासाची वाट बंद होते. ज्या दोन पट्ट्यांनी आपण बोलतो, त्याच गिळताना दार लावून घेतात.

नानांची एक पट्टी लुळी पडली होती, दार उशिरा लागत होतं. दाट पेज सावकाश उतरते, पाणी मात्र दार लागायच्या आतच छातीत घुसतं. म्हणजे मी प्रेमाने जे पाजत होते, तेच... जाऊ दे.

साधं पाणी बंद झालं. जे द्यायचं ते आरारूट घालून, दाट करून, चमच्याने. नाना बिचारे... छे, बिचारे कसले, थयथयाट करायचे नुसता! "ही खळ कपड्यांना लाव. मना पानी दे, साधं पानी..." बसक्या आवाजात दिवसातून दहा वेळा.

व्यायाम मात्र इमानदारीत केले त्यांनी. खुर्चीचे हात दाबून धरत "आ" म्हणायचं, हनुवटी छातीला टेकवून गिळायचं. त्यांना लाज वाटू नये म्हणून मीही समोर बसून "आ" करायचे... शेजारच्या बायका कुंपणावरून बघून फिदीफिदी हसायच्या.

आणि एक गोष्ट आम्ही त्यांच्यापासून लपवली होती. तेव्हा वसई-विरारला भराभर बिल्डिंगा उठत होत्या आणि टँकरवाले वाड्यावाड्यांतून पाणी उपसून नेत होते. नाना हिंडतेफिरते होते तोवर आमच्या विहिरीला हात लावायची कोणाची टाप नव्हती. ते हॉस्पिटलात असताना ह्यांनी होकार दिला, मोठा पंप बसला... विहीर वाडीच्या पार टोकाला आणि नाना अजून अंगणापलीकडे जात नव्हते, म्हणून त्यांना पत्ता लागला नाही. मीही गप्प बसले, खोटं कशाला सांगू. चैत्र सरेपर्यंत खाडीचं पाणी झिरपून विहीर मचूळ झाली.

मे महिन्यात मॅडम स्वतः घरी आल्या. तीन चमचे साधं पाणी देऊन बघू म्हणाल्या, उकळून गार केलेलं. प्रत्येक चमच्यानंतर नानांनी "आ" म्हणायचं. आवाज घरघरला तर पाणी पट्ट्यांवर अडकलंय असं समजायचं आणि तिथेच थांबायचं.

नाना म्हणाले, "आपल्या बावीचं आन." ह्यांनी मला डोळ्यांनीच खुणावलं... आणि मी नळाचं आणलं.

पहिला चमचा. हनुवटी खाली... गिळलं... "आ". स्वच्छ! मॅडमनी टाळी वाजवली, मला तर रडूच फुटलं. नाना शांतपणे म्हणाले, "हे आपलं पानी नाय."

एवढ्या महिन्यांनी! एका चमच्यात ओळखलं! मग सांगून टाकलं सगळं... टँकर, पंप, मचूळ झालेली विहीर. हे खाली मान घालून उभे. नाना म्हणाले, "तेच आन."

विहिरीचं पाणी उकळून, गार करून आणलं. तो चमचा त्यांनी कितीतरी वेळ तोंडात धरला, मॅडम घाबरल्याच. मग हनुवटी खाली गेली, घोट उतरला आणि कोणी सांगायच्या आत नाना "आ" म्हणाले. स्वच्छ...

तिसरा चमचा त्यांनी हातानेच परतवला. "पंप काढा." एवढंच. झटका आल्यापासून इतका खणखणीत शब्द आम्ही ऐकला नव्हता.

पंप त्याच दिवशी निघाला. हळूहळू नाना सगळं प्यायला लागले, चहासुद्धा बशीत ओतून! रोज सकाळी काठी टेकत विहिरीवर जायचे, चाखायचे, परत यायचे... मी ओट्यापाशी उभी राहून त्यांच्या तोंडाकडे बघायचे. गोड झालं का, हे विचारायची हिंमत कधीच झाली नाही.

दुसऱ्या वर्षी भाद्रपदात त्यांनी अंथरूण धरलं आणि नवरात्रात गेले. पंप निघाल्यानंतरचा दुसरा पावसाळाही सरला होता. दिवाळीच्या आदल्या दिवशी मी विहिरीचं पाणी काढलं, कळशीत ओतता ओतता ओंजळभर तोंडात घेतलं... गोड. लग्न होऊन आले तेव्हा प्यायले होते, तसंच गोड.

तिथेच काठावर बसून तांब्याभर प्यायले मी. एक घोटही चुकीच्या वाटेने गेला नाही... ज्या माणसाने ह्या पाण्यासाठी गिळायला पुन्हा शिकून घेतलं, त्याच्यापर्यंत ते पोचवायला मात्र आम्हाला महिनाभर उशीर झाला.