डाळिंबाचं अ‍ॅप सुधारलं, पण कुणाकुणाच्या फोनात?

मंडळी, घाईत लिहितेय, चुका सांभाळून घ्या.

डाळिंबावर फवारणी केली की किती दिवस तोडणी करायची नाही, हे सांगणारं मोफत अ‍ॅप मी सोलापुरात बसून सांभाळते. कोड खुला आहे, कुणीही घ्यावा, बदलावा. काल त्यात चूक सापडली. दुसरी फवारणी नोंदवली तरी ते दिवस पहिलीपासूनच मोजत होतं, म्हणजे विषारी औषध फळात असतानाच तोडणीला होकार देत होतं. आज सकाळी दुरुस्त करून नवं व्हर्जन सोडलं आणि निवांत चहा घेतला.

मग अपडेट आलं का विचारायला सांगोल्याच्या दत्तादादांना फोन केला. त्यांची डाळिंबाची बाग आहे.

"ताई, आमच्यात तुमचं अपडेट येतच न्हाय की! जावयानं त्यात टँकरचं पाणी नोंदवायची सोय घातलीय. आमी तेच वापरतो."

"फक्त तुमच्याच फोनात आहे ना ते?"

"छ्या! व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्या पावण्यांना धाडलंय. लई सोयीचं हाय."

त्यांच्या व्हर्जनमध्ये जुनी चूक तशीच होती. दुपारभर जावयाशी फोनवर बोलत तीही दुरुस्त केली. दादांनी लगेच सगळ्यांना पाठवलं. पण त्या सगळ्यांनी पुढं कुणाला पाठवलं होतं?

तुमच्या ओळखीत कुणाच्या अ‍ॅपमध्ये टँकरचं पान दिसत असेल, तर तोडणी थांबवायला सांगा.

आत्ताच दादांचा मेसेज आलाय: "मैंदर्गीच्या पावण्यांची तोडणी उद्या सकाळी हाय. फोन लागंना."

मैंदर्गीचं कुणी आहे का इथं?