जागेवाल्याची हरकत

आमच्याकडे कोणी विचारलं, "आबा खंय ऱ्हवतत?" तर लोक सांगतात, "बर्फात." ऐकणाऱ्याला हुडहुडी भरावी असं उत्तर, पण खरं आहे. बंदराजवळ पूर्वी बर्फाचा कारखाना होता. तो बंद पडला, मग मोडला, आणि त्या जागेवर सरकारच्या पैशांतून आठ खोल्यांची चाळ उभी राहिली. ज्यांना वर्षानुवर्षं घर नाही, त्यांच्यासाठी. दारावर निळी पाटी आहे, तिच्यावर दोन ओळींचं लांबलचक नाव आहे. पण आमच्या लोकांच्या तोंडी बर्फ तो बर्फच.

मी तिथे स्वयंपाक करते. माहेर तोंडवलीचं, शिक्षण चौथी, आणि परक्या माणसासमोर तोंड उघडायचं म्हटलं की घशात पेडवे माशाचा काटा अडकल्यासारखं होतं. बाजारात भावसुद्धा मी बोटांनीच करते. बोलायचं राहून जातं ते घरी येऊन मुलीच्या अर्ध्या उरलेल्या वह्यांत लिहिते.

खोल्या बांधून होत आल्या तेव्हा मासे विकणारी एक बाई मला ऐकवून शेजारणीला म्हणाली, "घरपट्टी आमी भरूची आणि खोली, पंखो, सार-भात ह्यांका! उद्यापासून मी पण जेटीर जावन निजतंय." सगळ्या हसल्या. मी खाली मान घालून बांगडे निवडत राहिले. घरी येऊन वहीत लिहिलं, "नीज की एक रात्र. आबा बारा वर्षं निजतायत."

आबा म्हणजे पूर्वी रापणीची जाळी ओढणारे. घर कधी सुटलं ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. जेटीवर तिकिटांच्या खिडकीमागे एक फळी होती, तीच त्यांची खाट. दर पावसाळ्यात ताप यायचा, गाडी येऊन जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यायची, बरे झाले की पुन्हा तीच फळी. दारूही होती. खोल्यांचं काम बघणारे साहेब त्यांना खोलीचं सांगायला आले, तेव्हा आबांनी आधीच हात जोडले. "दारू सुटाची नाय हां माझ्यान."

साहेब म्हणाले, "सोडायची अट नाहीच, आजोबा. आधी खोली घ्या. दर मंगळवारी नर्सताई येतील, औषध देतील, बोलतील. बाकीचं हळूहळू बघू."

आबांनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि मला विचारलं, "ह्यो सायब सरकारचोच मां गो?"

साहेब सरकारचेच, पण सोलापूरकडचे. वयाने तरुण, बदली होऊन आलेले, अजून भातात कुळीथ की कुळथात भात असा घोळ असणारे. माणूस मात्र सरळ.

उद्घाटनाला फीत कापली, पेढे वाटले, फोटो काढले. सात जण आपापल्या खोलीत गेले. एसटी स्टँडवर पिशव्या घेऊन बसणारी एक आजी आहे, तिने सगळ्या पिशव्या तीनदा आतबाहेर करून शेवटी कडी लावली. आबा मात्र उंबऱ्याशी उभे राहिले, आत डोकावले, नव्या रंगाचा वास घेतला आणि गाठोडं बाहेर पडवीत ठेवलं. पाच दिवस तसेच पडवीत. खोलीत पंखा एकटाच फिरत होता.

मंगळवारी साहेब आले. मी पडवीच्या टोकाला खोबरं किसत बसले होते.

"काय आजोबा, आत का झोपत नाही?"

"गाराणा झाला नाय."

साहेबांचा चेहरा गंभीर झाला. "गाऱ्हाणं आहे? अहो, मग मांडा ना. तुमचा हक्क आहे." आणि पिशवीतून तक्रारवही काढून पेन उघडलं. "कोणाविरुद्ध?"

"इरुद्ध कित्याक? जागेवाल्याक सांगूचा आसा."

"जागेवाला?" साहेब दचकले. "या जागेवर कोणाचा दावा आहे?"

"दावो कसलो? जागा तेचीच. आमच्या आजाच्या आदीपासून."

"सातबारा आहे त्याच्याकडे?"

आबा हसले. "तेका कित्याक व्हयो सातबारो?"

"राहतो कुठे हा?"

"हयच. त्या माडाखाली."

साहेबांनी माडाकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. ते घाईघाईने लिहू लागले. आबा समजूत घालत म्हणाले, "सायबानू, इतक्या कायएक नको. तेका एक नारळ दिलास काय झाला."

"नारळ देऊ? म्हणजे हाकलून काढू म्हणता?"

"जागेवाल्याक हाकलतलास?" आबांनी दोन्ही कानांना हात लावले आणि गाठोडं उचलून पडवीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले.

मी तोंडात पदर कोंबून हसत होते. साहेब जाता जाता माझ्यापाशी थांबले तेव्हा मात्र हसू विरलं. म्हणाले, "मावशी, अवघड झालं. या खोलीच्या जागेच्या मालकीवर हरकत आली. शुक्रवारी यादी वर जाते. वादातली खोली मला आजोबांच्या नावावर दाखवता येणार नाही. कुलूप लावावं लागेल."

मी मान हलवली. एवढंच केलं. साहेब गेल्यावर खोबरं किसता किसता बोट किसलं.

त्या रात्री झोप नाही. बोलता येत नाही तर लिहू, असं ठरवून कागदावर लिहिलं, "साहेब, आमच्याकडे गाऱ्हाणे म्हणजे तक्रार नव्हे." बुधवारी भात उतरवून कचेरीत गेले. शिपायाने कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. "अर्ज? त्या ढिगात ठेवा. पंधरा दिवसांनी या."

ढीग माझ्या कमरेएवढा. मी कागद वर ठेवला आणि जिन्यापर्यंत आले. दोन पायऱ्या उतरले. मग जेटीवरची ती फळी डोळ्यांपुढे आली आणि परत फिरले. साहेबांच्या दारात उभी राहिले.

"या मावशी. बोला."

येताना वाटभर शुद्ध भाषेत वाक्य जुळवलं होतं. बाहेर पडलं ते असं, "सायबानू, जागेवालो माणूस नाय. तो देव आसा."

पेन थांबलं. मग काटा सुटल्यासारखं मी सगळं सांगितलं. नव्या जागेत राहायला जायच्या आधी तिथल्या राखणदारापुढे नारळ ठेवतात. एकाने त्याला सांगायचं की आम्ही येतोय, सांभाळून घे. बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. तेच आमचं गाऱ्हाणं.

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "आणि मी त्याचा सातबारा मागितला!"

गुरुवारी सकाळी ते स्वतः नारळ घेऊन आले. "चला आजोबा, घाला गाऱ्हाणं."

"मी? घर माझा खंय आसा? सरकारान बांधल्यान. बांधणाऱ्यान घालूचा."

म्हणजे साहेबांनीच. माडाखाली सगळे जमले. साहेब बूट काढून उभे राहिले आणि मी मागून हळूच सांगू लागले.

"बा देवा महाराजा..."

"म्हाराजा," आबांनी चूक काढली.

"म्हाराजा! जागेवाल्या म्हाराजा..."

तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. वरच्या कचेरीतून होता. नारळ माझ्या हातात देऊन ते कुंपणाकडे धावले. "हो सर, हो सर."

गाऱ्हाणं अर्ध्यावर सोडत नाहीत. सगळे माझ्याकडे बघत होते. मी डोळे मिटले.

"बा जागेवाल्या म्हाराजा! बारा वर्सां वाऱ्यार निजलेलो ह्यो तुझो पूत आज तुझ्या सावलेक इलो आसा. तेका आत घे. खोली नवी आसा, माणूस जुनो आसा. दारू पिता, ता तुका म्हायत आसाच. काय चुकला-माकला तर पदरात घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

पिशव्यांची आजी एकटी मागून म्हणाली, "व्हय म्हाराजा." आणि कुंपणाजवळून साहेबही ओरडले, "व्हय म्हाराजा!" मग फोनमध्ये गडबडून, "नाही सर, तुम्हाला नाही."

नारळ फोडला. साहेबांनी वहीत लिहिलं, "जागेवाल्याशी बोलणे झाले. हरकत नाही." आबांनी गाठोडं उचललं, उजवा पाय आत टाकला आणि दार लावून घेतलं.

शुक्रवारी सकाळी चहा घेऊन गेले. पडवी रिकामी होती. दाराला आतून कडी. मी वाजवलं.

"कोण आसा?"

"मी. च्या आणलंय."

"वायच थांब गो. इलंय."

आत खाटेची करकर झाली. पंखा बंद झाला. खाकरण्याचा आवाज आला. चहा पार निवेपर्यंत आबांनी मला दारात उभं ठेवलं.