हापूसची काडी

अब्बा गेले, इद्दतीचे चार महिने दहा दिवस संपले आणि अम्मी शारजाहून कायमची रत्नागिरीला परतायला निघाली. जाण्याआधी तिला एकच गोष्ट हवी होती: रास अल खैमाच्या डोंगराखालच्या मळ्यातल्या हापूसची काडी. अब्बांनी उभं आयुष्य त्या मळ्याची मुकादमी केली. गावच्या घरामागच्या आंब्याची काडी आणून ते कलम त्यांनीच बांधलेलं. पुढे गावचा आंबा वादळात पडला, म्हणजे त्या झाडाचा वंश उरला तो इथेच. गावी मामाने कोयी रुजवून ठेवल्या होत्या. काडी आली की कलम बांधायचं.

अब्बांची कबर इथेच राहणार. सोबत नेण्यासारखं अम्मीकडे दुसरं काही नव्हतं.

मळ्याचा अरब मालक वारल्यावर मुलांनी घर, खजूर, सगळं जुन्या वास्तू जपणाऱ्या एका संस्थेला दिलं होतं. मी जबल अलीच्या ऑफिसातून रजा काढून अम्मीला घेऊन गेले. ज्या फाटकाची किल्ली अब्बांच्या कमरेला असायची, तिथे आम्ही तिकीट काढलं. माझं डोकं तिथेच तापलं.

मालकाची पाहुण्यांसाठीची बैठक, मजलिस, लिंपून कोरी करकरीत केलेली. आमची खोली मात्र पाडलेली. ती मूळची नव्हती म्हणे. आंबा होता, पण त्याच्या बुंध्याला लाल पट्टी बांधली होती.

"ये ट्री ओरिजिनल नहीं है ना, मॅडम. नेक्स्ट वीक निकालेंगे," केरळची गाईड म्हणाली.

अम्मीने बिचकत विचारलं, "तो बेटा, एक छोटी डंडी ले लूँ?"

"सॉरी आंटी. प्रोटेक्टेड एरिया है. यहाँ से पत्ता भी बाहर नहीं जाता."

झाड तोडायचं, पण पान न्यायचं नाही! मी भांडले. तिने बिचारीने साहेबांना फोन लावून पाहिला. नाही म्हणजे नाही.

गाईड इतरांबरोबर पुढे गेली तशी मी अम्मीच्या कानाशी लागले. "तोड पटकन. चोरून आणलेलं रोप हमखास जगतं, तूच म्हणतेस."

"ते मोगऱ्याचं म्हणते मी," अम्मी म्हणाली. "तुझ्या अब्बांनी न विचारता इथला पडलेला खजूरसुद्धा बाहेर नेला नाही. त्यांचंच झाड मी चोरून नेऊ?"

मला तिचा राग आला. अब्बांचाही आला. काय मिळालं त्या इमानदारीचं? अम्मी बुंध्यावरच्या कलमाच्या गाठीवर हात ठेवून उभी राहिली. मग निघाली.

फाटकावर रखवालदाराने पिशवी उघडायला लावली. आत अब्बांचा कलमाचा चाकू होता, बांधायची प्लॅस्टिकची पट्टी होती आणि काडी गुंडाळायला घरून भिजवून आणलेलं फडकं.

"ये क्या है, अम्मा?"

"कुछ नहीं," अम्मी म्हणाली.

गाडीत बसल्यावर मामाचा फोन आला. काडी मिळाली का, म्हणून विचारत होता.

"त्या कोयी तशाच, कलमाशिवाय वाढू देत," ती म्हणाली. "रायवळ तर रायवळ."

फोन ठेवून तिने ते ओलं फडकं तोंडाला लावलं. अब्बांच्या मय्यतीला न रडलेली माझी अम्मी शारजा येईपर्यंत रडत राहिली.