चारवाले गुरुजी

ही गोष्ट माझ्या तोंडून अजून एकदाही बाहेर पडलेली नाही. बायकोला माहीत नाही, शाळेतल्या सोबत्यांना नाही. आईला माहीत होती, पण ती कधी बोलली नाही आणि आता ती राहिली नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण आज संध्याकाळी मला हेच एका बाईसमोर उभं राहून सांगायचं आहे. तिथं शब्द गिळले जाऊ नयेत, म्हणून आधी इथं सगळं लिहून काढतो. लिहून झाल्याशिवाय उठायचं नाही, असं ठरवून बसलो आहे.

राज्याच्या सीमेवर बेला म्हणून मोठं गाव आहे, त्याच्या बाजूच्या आमच्या गावांमध्ये मला चारवाले गुरुजी म्हणतात. चार म्हणजे पहाटेचे चार. रोजच्या चांगल्या सवयींवर बोलायला मला बोलावतात. शाल घालतात, फोटो काढतात. पहाटे चारला उठा, पहिले दोन तास पुस्तकाला द्या, रोज द्या, एक दिवसही चुकवू नका — असं मी सांगतो आणि मुलं वहीत उतरवून घेतात. याच जोरावर मी मराठी शाळेचा मास्तर झालो, असं सगळ्यांना वाटतं. वाटतं कसलं, मीच तसं सांगत आलो.

मी चारला उठत नव्हतो.

झालं. एवढंच होतं का? एवढंच असतं तर मी हसून सांगितलं असतं, तुम्हीही हसला असता. थोडी फुशारकी कोण मारत नाही? पण थांबा — मूळ गोष्ट अजून पुढे आहे, आणि मी तिच्याभोवती घुटमळतो आहे हे मलाही कळतं आहे.

बारा-तेरा वर्षं झाली. गावात आम्ही चौदा-पंधरा जण शिक्षक भरतीची तयारी करत होतो. बहुतेकांचे आईबाप दुसऱ्याच्या शेतात राबलेले. विहाराच्या बाजूच्या खोलीत अभ्यासिका होती. सकाळी सहाला सगळ्यांनी वंदनेला जमायचं, मग आत जाऊन फळ्यावर आपल्या नावासमोर आज किती वाजता उठलो ते लिहायचं. हा आमचाच नियम. तपासणारं कोणी नाही. नुकतंच पंचशील उच्चारून आलेला माणूस खोटं कशाला लिहील?

पहिले अकरा दिवस मी खरोखर चारला उठलो. अंगावर गार पाणी घेतलं, वाचलं, फळ्यावर छातीठोकपणे ‘४’ लिहिला. लोक वळून बघायचे. फार गोड वाटायचं ते — आज लाज वाटते, तेव्हा गोडच वाटायचं. बाराव्या दिवशी जाग आली तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. धावत विहारात गेलो, हात जोडले, खोटं बोलणार नाही हे शील सगळ्यांसोबत मोठ्यानं म्हणालो. मग चार पावलं चालून खडू उचलला आणि ‘४’ लिहिला. खडू ठेवला आणि वही उघडून बसलो. पुढं जवळजवळ वर्षभर तसंच. सवय लागली ती ही.

मग अभ्यास केव्हा केला? दिवसाउजेडी. धाकट्या भावानं शेत सांभाळलं, आईनं भाकरी हातात दिली, आणि मी जेवून, ताजातवाना होऊन, दहापासून दोनपर्यंत निंबाखाली खाटेवर वाचत बसायचो. वंदनेहून येऊन मी आधी पुन्हा आडवा व्हायचो; तेव्हा कोणी दारात मोठ्यानं बोललं तर आई दटावायची, “हळू बोला ना, पोरगं झोपून राह्यलं.” अभ्यास मी मनापासून केला, ते खोटं नाही. पण तो झोप पुरी झालेल्या माणसाचा अभ्यास होता.

आता सुनंदा वहिनी. माझ्या चुलतभावाची बायको. आमची दोन घरं एकाच अंगणात, दारं समोरासमोर. लग्नाआधी तिनं डी.एड. केलं होतं. गणितात माझ्यापेक्षा हुशार, हे मी तेव्हाही जाणून होतो. पदरी चार-पाच वर्षांची मुलगी, घरी सासू आजारी, आणि दिवाळीनंतर कापूस वेचायला रोज लोकांच्या वावरात. दिवस सगळा कमरेला ओटी बांधून जायचा. सांजेला घरी आली की चूल. तिला अभ्यासाला वेळ होता तो फक्त पहाटेचा, आणि तीही सहाला वंदनेला यायची. आधी फळ्यावर पाच लिहायची. मग साडेचार. मग, माझा आकडा बघून बघून, चार.

तिचे चार खरे होते.

एकदा नळावर तिनं मला विचारलं, “भाऊजी, मी चारले उठतो तवा तुमच्या खोलीत उजेड दिसत नाही. काऊन जी?” तिच्या विचारण्यात संशय नव्हता. तेव्हाच सांगता आलं असतं. नळावर दोघंच होतो, तिनं तोंडाला पदर लावून हसून सोडून दिलं असतं. मी म्हणालो, “लाइट लावला की आईची झोपमोड होते वयनी. मी मोबाइलच्या बॅटरीवर वाचतो.”

इतक्या सहज सुचलं मला ते. आणि तिला ते इतकं पटलं, की दुसऱ्या दिवसापासून तिनंही घरातला दिवा लावणं बंद केलं. दादाची, म्हणजे नवऱ्याची, झोप मोडू नये, सासूची मोडू नये म्हणून चुलीजवळ बसून मोबाइलच्या एवढ्याशा उजेडात ती गणितं सोडवायची. डोळ्यांतून पाणी यायचं तिच्या, डोकं दुखायचं. भाऊजींना जमतं, मग मला काऊन जमत नाही — असं ती माझ्या आईजवळ बोलली होती. आईनं मला ते सांगितलं आणि माझ्याकडे बघत राहिली. मी ताट उचलून मोरीत ठेवलं.

यापुढचं लिहायला जड जातं आहे.

परीक्षेला महिना राहिला होता. रविवारी विहारात सगळे जमले होते आणि गावातल्या मोठ्यांनी मला बोलायला उभं केलं — तू सांग बाबा यांना, सवय कशी लावायची. मी सांगू लागलो. रंगात आलो होतो. तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेल्या वहिनीची मान खाली गेली. आदल्या दिवशी दिवसभर वेचणी, पहाटे चारला उठणं — डुलकी लागली होती तिला. मी बोलायचा थांबलो. सगळ्यांना तिच्याकडे बघू दिलं. आणि म्हणालो, “चारले उठाले ताकद लागत नाही. ज्याले नोकरी नाही पाहिजे, त्यालेच झोप येते.”

सगळे हसले. हसण्यानं ती जागी झाली. कशाला हसताहेत ते तिला आधी कळलंच नाही, म्हणून तीसुद्धा थोडं हसली. शेजारणीनं कानात सांगितल्यावर तिचा चेहरा उतरला.

मी असं का केलं? खूप वर्षं मी स्वतःला सांगितलं की जोशात बोलून गेलो. तसं नाही. तिचे चार खरे आहेत हे मला माहीत होतं. दारासमोर राहून, कापूस वेचून, लेकरू सांभाळून ती ते करत होती आणि मी अंथरुणात पडून होतो. ती मागं पडावी असं मला वाटत होतं. इतकी साधी आणि इतकी वाईट गोष्ट होती ती.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशी आली, फळ्यावरचं आपलं नाव पदरानं पुसलं आणि कोणाशी न बोलता वेचणीला निघून गेली. परीक्षेचं हॉलतिकीट आलं होतं, ते मीच बेल्याहून काढून तिला आणून दिलं. परीक्षेच्या दिवशी ती वावरात होती. मी पेपर दिला, पास झालो, गावानं मिरवलं मला. तिनंही माझ्या आईला साखर आणून दिली.

तेव्हापासून आजपर्यंत मी गप्प. तिच्या घरी जेवलो, तिच्या सासूच्या मौतीला खांदा दिला, सणाला तिच्या हातची पुरणाची पोळी खाल्ली. गप्प.

मागच्या महिन्यात ती मुलीला घेऊन माझ्याकडे आली. प्रज्ञा आता सतरा वर्षांची आहे, इंटर म्हणजे बारावी झाली, पुढच्या प्रवेशाची तयारी करते आहे. वहिनी दारातच उभी राहून म्हणाली, “हिले तुमच्यावाणी सवय लावा भाऊजी. माह्यात दम नव्हता. मी झोपाळूच निघाली.”

बारा वर्षं ती स्वतःला आळशी समजत आली आहे! दिवसाला कितीतरी कापूस वेचणारी, घर ओढणारी ही बाई! आणि मी — मी काय केलं? खुर्ची सरकवली, कागद घेतला आणि त्या मुलीला वेळापत्रक लिहून दिलं. पहिल्या ओळीत पहाटे चार. लिहायची सवय जुनी आहे, सांगितलं ना.

महिना झाला. प्रज्ञा चारला उठते. आईसोबत सुटीच्या दिवशी वेचणीलाही जाते. दहा-बारा दिवसांपूर्वी ती माझ्याकडे शंका विचारायला आली आणि बोलता बोलता वहीवरच तिचा डोळा लागला. जागी होऊन ओशाळली, म्हणाली, “काका, मी बी आईवरच गेली वाटते.”

तेव्हाच मी ठरवलं, वहिनीला सगळं सांगायचं. पण सांगण्याआधी मीच एक आठवडा चारचा गजर लावून पाहिला, आज तरी मला ते जमतं का म्हणून. चौथ्या दिवशी वर्गात खडू हातात धरून मला घेरी आल्यासारखं झालं, आणि मला तर कापूसही वेचायचा नव्हता.

आज वहिनी वावरातून आली, हातपाय धुऊन ओट्यावर बसली, की मी समोर जाऊन उभा राहणार. प्रज्ञालाही बसवून घेणार. तो कागद मागून घेणार आणि तिच्या दिवसात बसेल असं दुसरं काही तिच्यासोबत बसून आखणार. झोपेचे तास आधी. रविवारी वंदनेनंतर विहारात सगळ्यांसमोर बोलणार, आणि जिथं शाल घेतली त्या शाळांमध्येही जाणार. लोक हसतील. हसू देत. तिला हसले तेव्हा मी थांबवलं नव्हतं.

वहिनी काय म्हणेल, मला माहीत नाही. ती काही बोलो वा न बोलो, तिची ती नोकरी परत येत नाही. भरतीचं वय तिचं निघून गेलं. मी माफी मागायला जात नाही. मागितली तर ती देऊन टाकेल, आणि ते मला चालणार नाही. मी फक्त तिच्यासमोर उभं राहून, तिचं नाव घेऊन, एवढंच सांगायला जातो आहे — वयनी, तवा या अंगणात चारले एकच माणूस उठत होता, आणि त्या तुमी होत्या.