न वाजणारी गाडी

आमच्या घरी गाडी आली तेव्हा पेढे वाटणारी मी एकटीच होते. धाकट्या दिरानं पेढा खाल्ला आणि हात पुसता पुसता सांगितलं, की एवढ्या पैशांत दोन माणसं जन्मभर ऑटोनं फिरली असती. नवऱ्यानं पेढ्याला हातही लावला नाही. तो आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडला होता. ज्या दुकानात त्यानं पस्तीस वर्षं लोकांच्या स्कूटर दुरुस्त केल्या, त्याच दुकानात मी माझी छोटी इलेक्ट्रिक कार उभी करत होते.

दुकान पुढे आणि घर मागे, मध्ये एक दार. महाल या जुन्या वस्तीतली आमची गल्ली अशी, की दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीला मागे सरावं लागतं. मोठी गाडी तिथं शिरतच नाही. ही मात्र आरसे मिटून शिरते आणि दुकानात अशी बसते, की पुढे वीतभर जागा उरते आणि मागे शटर ओढता येतं. त्याचा ग्राइंडर जिथं लागायचा त्या जागी मी चार्जिंगचा जाड प्लग बसवून घेतला होता. ते त्याला फार लागलं, हे मला कळत होतं. तरी मी बसवला.

त्याआधी वर्षभरापूर्वी त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. धंतोलीतल्या डॉक्टरांनी बजावलं होतं, की आठवड्यातून तीनदा व्यायामाला आणलं तर हातपाय बरेचसे परत येतील, नाही तर आहे तेच धरून बसावं लागेल. तो दोनदा गेला. दोन्ही वेळा ऑटोत चढवताना चार माणसं गोळा झाली, आणि दुसऱ्या वेळी तर त्याच्याच एका जुन्या गिऱ्हाइकानं त्याचा पाय उचलून आत ठेवला. घरी आल्यावर तो एवढंच म्हणाला, "मी काही पोतं नाही." त्यानंतर त्यानं उंबरठा ओलांडला नाही.

म्हणून ही गाडी. घरातल्या घरात बसायचं, शटर उघडायचं, निघायचं. कुणी बघायला नको, कुणी उचलायला नको. सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्यावर हातात आलेल्या रकमेचा मोठा घास मी तिच्यात घातला. त्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाला असता, आणि नाही ऐकून घेण्याचा माझा स्वभाव नाही.

पण तो बसलाच नाही. त्याचं सगळं कसब कानात होतं. गल्लीच्या तोंडाशी स्कूटर वळली, की हा आतूनच सांगायचा, क्लचची केबल गेली म्हणून. गाडी दुरुस्त झाली, की किल्ली गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवायचा आणि म्हणायचा, "ने आता." त्यापुढे एक शब्द नाही. त्या दोन शब्दांवर लोक डोळे मिटून विश्वास ठेवायचे. आता माझ्या गाडीबद्दल तो म्हणाला, "जे बोलतच नाही त्याच्यावर भरोसा कसा ठेवाचा? दुखलं खुपलं तर सांगन कशी ते?"

दीड महिना मी एकटीच फिरले. भाजीला, बँकेत, कामठीला बहिणीकडे. ऊन मी मी म्हणत होतं आणि मी थंडगार गाडीत बसून चालले होते. तीस वर्षं मे महिन्यात तोंडाला ओढणी गुंडाळून आणि पर्समध्ये कांदा ठेवून स्कूटर चालवलेली बाई मी. उन्हाची लू लागू नये म्हणून कांदा जवळ ठेवायची सवय इतकी मुरलेली, की गाडीतही गिअरजवळच्या खळग्यात मी एक कांदा ठेवलाच. दीर त्यावर पोट धरून हसला. एकदा तो कांदा जागेवर दिसला नाही, तेव्हा मीच तो भाजीत चिरला असेल असं समजून दुसरा ठेवून दिला. या सगळ्या फिरण्यात मला सुख नव्हतं. ज्याच्यासाठी घेतली तो पंख्याखाली आणि मी एसीत, याची मला लाज वाटायची.

मग एका दुपारी मी गाडी दुकानात घेत असताना आतून आवाज आला, "काय वाजून राहिलं वं?"

दीड महिन्यात गाडीबद्दल त्यानं विचारलेला हा पहिला प्रश्न. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी कान देऊन चालवली, तर खरंच, वळण घेतलं की कुठंतरी 'टुक' वाजायचं. एकदा ऐकू आल्यावर मग ते ऐकू येतच राहिलं. डावीकडे वळा, टुक. उजवीकडे वळा, टुक.

सर्व्हिस सेंटरला नेली. तिथला मेकॅनिक चांगला सहा फुटी, सभ्य माणूस. त्यानं एक मोठी चक्कर मारली आणि सांगितलं, की काहीच वाजत नाही. मी घरी निघाले तर पहिल्याच वळणावर टुक. परत गेले. परत त्यानं चक्कर मारली, गाडी उचलून चाकं हलवून बघितली, काही नाही. तिसऱ्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर मला तो भाव दिसला, जो मी स्वतः कचेरीत टेबलामागे बसून म्हाताऱ्या अर्जदारांना दाखवत आले होते. गाडी आठवडाभर ठेवून जा, खालचं सगळं खोलून बघू, असं तो म्हणाला. खोलून बघण्याचा खर्च ऐकून मी गाडी तशीच घरी आणली.

दिराला आयतंच कोलीत मिळालं. नाकापेक्षा मोती जड झाला, आता तरी विका, माझ्याकडे एक गिऱ्हाईक आहे, रविवारी घेऊन येतो, असं त्यानं माझ्या तोंडावर सांगितलं. मी भांडले नाही. खरं सांगायचं तर मी हरले होते. नवरा बसत नाही, गाडी वाजते, आणि पैसे तर गेलेच. त्या रविवारी दुपारी जेवायला बसल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, की आज तुमचा भाऊ गिऱ्हाईक आणतो आहे, देऊन टाकते.

तो जेवता जेवता थांबला. डाव्या हातात घास तसाच. मग म्हणाला, "तो मेकॅनिक चालवते तेव्हा वाजत नाही. तू चालवते तेव्हा वाजते. गाडी तर तेच आहे. मंग बदललं काय?"

मी म्हटलं, मला काय ठाऊक. त्यानं ताट सरकवलं, काठी घेतली आणि मधलं दार उघडून दुकानात गेला. मी उष्ट्या हातानं मागे धावले. तो गाडीत आधी बसला, मग डाव्या हातानं उजवा पाय उचलून आत घेतला आणि दार ओढून लावून घेतलं. मला म्हणाला, "पाहून काय राहिली? चालव."

दुपारचे तीन वाजले होते आणि गल्लीत चिटपाखरू नव्हतं. तलावाच्या कडेच्या रस्त्यावर मी डावं वळण घेतलं, उजवं घेतलं. टुक. टुक. तो डोळे मिटून बसला होता. वर्षभरात मी तो चेहरा बघितला नव्हता, कामातला चेहरा. "लोखंड नाही हे," तो म्हणाला. "लोखंड खणकलं असतं. कायतरी भरीव आहे, अन् मोकळं आहे." थोडं पुढे गेल्यावर विचारलं, "उंच आहे का वं तो मेकॅनिक?"

सहा फूट, मी म्हणाले. मग त्यानं मला गाडी कडुनिंबाखाली घ्यायला लावली आणि माझी सीट पार मागे ढकलायला सांगितली. मी जेमतेम पाच फुटांची. माझी सीट कायम पुढच्या टोकाला असते, वर उशी. मागे ढकलल्यावर ब्रेकपर्यंत पाय पोचावा म्हणून मी जवळजवळ आडवीच झाले. त्या रिकाम्या रस्त्यावर पायाच्या बोटांनी, मुंगीच्या चालीनं मी दोन वळणं घेतली. आवाज नाही. सीट पुढे घेतली. टुक.

"सीटखाली पाह्य," तो म्हणाला.

मी उतरले, भर उन्हात गुडघ्यावर बसले आणि सीटखाली हात घातला. धूळ, एक बिल, मग बोटांना काहीतरी गोल लागलं. बाहेर काढलं. कांदा. सुकलेला, सालं निघालेला, माझा हरवलेला कांदा. सीट पुढे असली की तो तिथं मोकळा घरंगळायचा आणि सीटच्या पट्टीवर आपटायचा. सहा फुटी माणसानं सीट मागे घेतली की अडकून गप्प बसायचा. तीन वेळा गाडी शहराच्या टोकाला नेली, चाकं उचलली, आणि चोर माझ्याच बुडाखाली! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसली गत.

मी कांदा त्याच्यासमोर धरला. तो हसायला लागला. आजारपणापासून त्याचं तोंड एका बाजूला ओढलेलं असतं, त्यामुळे हसू वाकडं आलं, पण थांबेना. मीही रस्त्यात बसून हसले, आणि हसता हसता रडले. वर्षभराचं साचलेलं होतं ते.

मला वाटलं, आता घरी. तर म्हणाला, जरा पुढं घे. कामठीच्या रस्त्याला लागलो. तो ऐकत होता. मागचा डावा टायर नरम आहे म्हणाला, मागच्या दाराचं रबर नीट बसलेलं नाही म्हणाला. पेट्रोल पंपावर थांबून आम्ही फक्त हवा भरली, आणि काय सांगू, तोच टायर उतरलेला निघाला. हवा भरणारा माणूस बघतच राहिला. नवऱ्यानं मात्र त्यात काही विशेष नाही असा चेहरा केला. मग बऱ्याच वेळानं आपणहून म्हणाला, "इंजिन गप आहे ना, म्हणून बाकीचं सगळं ऐकू येते."

घरी आलो तेव्हा दीर शटरपाशी घामाघूम उभा होता. घरात कुणी नाही, दार उघडं, ताटं उष्टी. त्याला वाटलं भावाला दवाखान्यात हलवलं. त्याचं गिऱ्हाईक मागे स्कूटरवर बसून होतं. गाडीच्या पुढच्या सीटवरून भाऊ काठी टेकत उतरला, हे बघून तो दोन पावलं मागे सरला. नवरा त्याला म्हणाला, "विकाची नाही." मग गाडीभोवती एक फेरी मारली, सावकाश, एका हातानं पत्रा चाचपत. माझ्याकडून किल्ली मागून घेतली, पुन्हा माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "ने आता."

निवृत्तीच्या दिवशी मला शाल मिळाली, नारळ मिळाला, साहेबांचं भाषण मिळालं. त्यातलं काहीच या दोन शब्दांच्या तोडीचं नव्हतं. कुठं नेऊ, मी विचारलं. उद्या धंतोलीले, तो म्हणाला, अन् व्यायाम जमला तर पुढच्या रविवारी भिवापूरले, मिरची आणाले.

पैसे वसूल झाले का, हे दीर अजूनही विचारतो. त्याचं गणित चुकीचं नाही, ऑटो खरंच स्वस्त पडला असता. पण ऑटोत हा माणूस बसत नव्हता, आणि माझं सगळं गणित तेवढ्यावर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तयार होऊन आले तर तो आधीच गाडीत बसलेला. शटर वर केलं. गल्ली भरलेली होती. दूधवाला, पानठेला, शाळेच्या रिक्षा, आणि त्याचा पाय उचलणारं ते जुनं गिऱ्हाईकही. मी काचा बंद करून एसी लावला. कुणी बघायला, बोलायला नको, असंच त्याला हवं असेल असं मला वाटलं.

"काच खाली कर वं," तो म्हणाला.

सकाळीच एवढं तापलं आहे, लू आत येईल, मी म्हणाले.

"येऊ दे. कांदा आहे ना."