गोळीमास्तरांची बरकत

गोळीमास्तरांना खरं नाव होतं, पण ते आरोग्य खात्याच्या कागदांवर, आणि ते कागद खात्यालाच सापडत नव्हते. मास्तरांनी उभी हयात क्षयरोग्यांच्या दारोदार गोळ्या वाटण्यात घालवली. नुसती हातावर टेकवून निघणारे ते नव्हते. "माझ्यासमोर गिळ. आता तोंड उघड. जीभ वर कर." भल्याभल्या पहिलवानांनी त्यांच्यापुढे निमूट जीभ वर केली होती. गोळी लपवणारा माणूस ते उंबऱ्यातूनच ओळखत.

निवृत्त झाले आणि पेन्शनच्या चकरा सुरू झाल्या. खिडकीतला कारकून मुलाच्या वयाचा होता.

"काका, तुमच्या नोकरीची सुरुवातीची वर्षं सापडत नाहीत. होता कुठे तेव्हा?"

"क्षयरोग्यांच्या घरांत."

"मग तसं तुमच्या साहेबांकडून लिहून आणा."

"साहेब वारले."

"अवघड आहे मग," म्हणत कारकुनाने पुढच्याला हाक मारली. सरकारी काम, सहा महिने थांब, ही म्हण ज्याने काढली तो बिचारा फारच आशावादी असला पाहिजे. मास्तरांची दोन वर्षं उलटली होती.

घरी बायकोला रक्तदाबाच्या गोळ्या, रोज, जन्मभराच्या. औषधवाल्याची उधारी इतकी झाली की मास्तर गल्ली बदलून जाऊ लागले. तिच्या बोटांत जोर नव्हता, म्हणून ते पाकिटं फोडून गोळ्या बाटलीत भरून ठेवत. सकाळी एक तिच्या हातावर ठेवायची आणि वर्तमानपत्रात डोकं घालायचं. स्वतःच्या बायकोला जीभ वर करायला कोण सांगतं? ती गोळी मुठीत घेऊन पाणी प्यायला आत जाई. हल्ली बाटली संपता संपत नव्हती. मोजल्या असत्या तर कळलं असतं, पण उधारीत बुडालेल्या माणसाला मोजायचीच धास्ती.

"तुझ्या हाताला बरकत आहे गं," ते म्हणाले. ती हसली.

मग एका सकाळी तिच्या हातातून कप निसटला आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं.

"गोळ्या चुकवल्या होत्या का?" दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छे. मी स्वतः देतो," मास्तर छातीठोकपणे म्हणाले.

खाटेवर तिने मान हलवली. शब्द जड येत होते. "घेत नव्हते. परत टाकायचे बाटलीत. तुमची पेन्शन आली की... घेणार होते."

तिच्यावर ओरडावं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी, मास्तरांना सुचेना. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. ते भिंतीकडे तोंड करून रडले.

घरी आणल्यावरही ती गोळी घेईना. ओठ घट्ट मिटायची आणि एवढंच विचारायची, "पेन्शन?"

शेवटी मास्तर खोटं बोलले. "आली. मागची थकबाकीसुद्धा आली."

बोलताना त्यांचा आवाज कापला. तिला वाटलं, आनंदाने. तिने गोळी गिळली आणि वाकड्या तोंडाने बेत सांगू लागली. आधी औषधवाल्याचं देऊन टाका. मग तुमचे दात बसवून घ्या, किती दिवस भाकरी भिजवून खाताय. "हो, उद्याच जातो," मास्तर म्हणाले.

ते तिला रोज देत होते त्या गोळ्या तिनेच, उपाशी राहून धान्य वाचवावं तशा, वाचवलेल्या होत्या. आता बाटलीचा तळ दिसायला लागला होता, आणि ती रोज विचारत होती, "अहो, दात कधी बसवताय?"