पुसलेला लाल ठिपका

बॅटरी मी काढली होती.

एवढं वाक्य लिहायला मला पंधरा वर्षं लागली. बायकोला सांगितलं नाही, आणि ती तर त्या दिवशी त्याच गाडीवर माझ्या मागे बसली होती. ज्याला सांगायला हवं होतं त्यानं तोंडावर विचारलं, तेव्हा मी साफ नाही म्हणालो.

गाडी म्हणजे मोटारसायकल. लष्कराच्या लिलावातून निघालेली, विलायती, जुनी. रुंद सीट, बाजूला दोन कातडी पिशव्या. लांबच्या प्रवासासाठीच बांधलेली. माझा हुद्दा सरकारी कारकुनाचा, त्याला सायकल शोभली असती. पण तिच्यावरून एकदा पचमढी करून आलो आणि नागपुरातल्या आमच्या वस्तीत माझी मान दोन बोटं वर झाली.

मग तिनं छळायला सुरुवात केली. खड्डा आला की दिवा जायचा. हॉर्न दाबला की इंजिन खोकायचं. चाळीसच्या वर काटा गेला की फडफड, आणि मग रस्त्याच्या कडेला मी आणि ती. एका मेकॅनिकनं कार्बोरेटर धुतला, दुसऱ्यानं प्लग बदलला, तिसऱ्यानं गाडी विकायचा सल्ला दिला.

चौथा तो. आमच्या चौकात कडुनिंबाखाली त्याचं टिनाचं शेड होतं. सगळे त्याला मिस्त्रीच म्हणत. मला तो माणूस कधीच आवडला नाही, हेही आजच लिहून टाकतो. त्याची कामाची तऱ्हाच मला खुपायची. गाडी समोर उभी केली तरी तो पान्याला हात लावायचा नाही. आधी विचारायचा.

"कवा बंद पडते?"

"केव्हाही."

"केव्हाही कोणतीच गाडी बंद पडत नाही, साहेब. चढावर का उतारावर? थंडी असते का तापल्यावर? दिवा आधी जाते का इंजिन आधी फडफडते?"

"तुम्ही पाना हातात घ्या ना आधी!"

"पाना शेवटी लागते. आधी तुम्ही बोला."

बाकावर बसलेले दोन-तीन जण हसले. मी डॉक्टरकडे आलेल्या रोग्यासारखा उभा.

दोन रविवार तो त्या गाडीपाशी बसला. एक बल्ब, त्याला दोन वायरी, बस. एक टोक बॉडीला लावायचा, दुसरं एकेका जोडाला, आणि बल्ब कुठं मंदावतो ते पाहायचा. शेवटी त्यानं सीटखालची एक जाड वायर दोन्ही हातांनी वाकवून दाखवली. वरून धडधाकट, आत तुटलेली. खड्ड्यात सुटायची, सपाटीवर जुळायची. डायनामोचे ब्रश झिजलेले होते, तेही बदलले. गाडी पहिल्या किकला उठली आणि मी रामटेकला जाऊन आलो. एकदाही खोकली नाही.

ती देताना त्यानं मला बॅटरीचा डबा उघडून दाखवला. बॅटरीच्या एका टोकावर आणि बॉडीच्या एका बोल्टवर ऑइलपेंटचा एकेक लाल ठिपका दिलेला होता.

"हिची चाल उलटी आहे, साहेब. आपल्या इकडच्या गाड्यांत मायनस बॉडीले राहते. हिच्यात प्लस बॉडीले. म्हणून लालले लाल. दसऱ्याले गाडी धुवा, पूजा करा, पण बॅटरीले हात लावू नका. लावाच लागला तर मले सांगा."

"उलटी लागली तर काय, चालू होणार नाही?"

"चालू होईल ना. तेच तर वाईट आहे. चालू होईल, आन् मग जळेल."

माझ्याच गाडीला मी हात लावू नये, हे तो मला सांगत होता. मी टोमणा मारला, "आणि तुम्ही नाही करत का दसऱ्याला हत्यारांची पूजा?"

"हत्यारं मी रोज पुसतो, साहेब."

बाक पुन्हा हसला. ते हसू मी घरी घेऊन गेलो.

त्याच महिन्यात आमच्या खात्याच्या गॅरेजात मेकॅनिकची कायम जागा निघाली. मिस्त्रीनं अर्ज केला होता. आमच्या मोठ्या साहेबांना माझी गाडी माहीत होती. ते म्हणाले, "ते धूड त्यानं रस्त्यावर आणलं, तर आपल्या जीपा त्याच्यासमोर काय चीज आहेत? दसऱ्यानंतर मला सांगा तुम्ही, माणूस कसा आहे ते." म्हणजे त्याची नोकरी माझ्या जिभेवर होती. त्यालाही ते ठाऊक होतं. पण त्यानं मला एकदाही 'जरा शब्द टाका' म्हटलं नाही. मला तेही खुपलं. त्यानं म्हणायला हवं होतं.

खंडेनवमीला मी गाडी धुवायला काढली. बायको आत फराळाचं करत होती. चाकं झाली, टाकी झाली, आणि मग मी बॅटरीचा डबा उघडला. टोकांवर पांढरी भुकटी जमली होती, हे खरं. पण भुकटी ओल्या फडक्यानं गेली असती. मी बॅटरी काढली, रॉकेल घेतलं, पॉलिश पेपर घेतला आणि ते दोन्ही लाल ठिपके घासून घासून काढले. बोल्ट चांदीसारखा निघाला.

ठिपके का काढले, हे मी स्वतःलाही बरीच वर्षं नीट सांगितलं नाही. पूजेच्या गाडीवर त्याच्या हाताची खूण मला नको होती. त्याच्या बापानं दीक्षा घेतली, तेव्हाच त्यांच्या घरातून देव आणि कुंकू गेलं. आमच्या घरात त्याबद्दल जे बोललं जायचं ते इथं लिहीत नाही. लिहिलं तरी ते माझ्या बापाचं म्हणून लिहीन, आणि तेवढा खोटेपणा आता पुरे. ते माझंच होतं.

बॅटरी परत बसवताना हात अडला. 'उलटी' म्हणजे कशाच्या उलटी, ते डोक्यात बसेना. विचारायला जावं तर शेड बंद. दसऱ्याला दूरदूरहून दीक्षाभूमीवर लोक येतात, त्यांना पाणी द्यायला तो दोन दिवस आधीपासून तिकडे असायचा. थांबता आलं असतं. पण मी ऑफिसातली जीप आठवली, मायनस बॉडीला जोडली, दोन्ही टोकांवर कुंकू लावलं, हार घातला, नारळ फोडला.

दसऱ्याला सकाळी आम्ही सावनेरला निघालो, माझ्या सासुरवाडीला सोनं द्यायला. गाडी पहिल्या किकला उठली. दिवा लावून पाहिला तर करंटचा काटा नेहमी डावीकडे पडायचा, तो उजवीकडे गेला. मला वाटलं, आज चार्जिंग जोरात आहे. खूश झालो.

पाटणसावंगीच्या अलीकडे बायको म्हणाली, "काहीतरी जळून राहिलं हो." सीटखालून धूर आला. हॉर्न गेला, इंजिन गेलं. डबा उघडला तर वायरींचं रबर वितळून एकमेकीला चिकटलेलं. पुढचा रस्ता मी गाडी ढकलत, आणि बायको नव्या लुगड्यात मागून चालत. शेवटी संत्र्याच्या एका ट्रकनं आम्हाला उचललं. थोरला मेहुणा दारातच उभा होता.

"जवाईबापू, तुम्ही गाडीवर बसून आले का गाडी तुमच्यावर बसून आली?"

सगळं घर हसलं. मी पानातलं श्रीखंड गिळलं आणि ठरवलं, हे कुणाच्या तरी माथी मारायला हवं.

तिसऱ्या दिवशी गाडी टेम्पोतून चौकात उतरवली. शेडसमोर पाच-सहा गिऱ्हाइकं होती, त्यात गांधीबागेतला एक कापडवालाही. मी लांबूनच सुरू झालो. "काय केलंस रे तू माझ्या गाडीचं?" तोवर मी त्याला तुम्ही म्हणत होतो.

तो खाली बसला, डबा उघडला. घासून चमकणारा बोल्ट त्यानं पाहिला. बोटानं कुंकू पुसलं, बोटाकडे पाहिलं. मग मान वर केली.

"साहेब, बॅटरी कोणं काढली होती?"

"कोणीच नाही."

"मी ठिपका लावला होता."

"कसला ठिपका? ठिपके लावून गाड्या दुरुस्त होतात काय? बायको होती माझी मागं! पेटली असती म्हणजे?" आणि मग मी ते वाक्य बोललो, की ज्यांना यंत्राची पूजा माहीत नाही, त्यांच्या हातून यंत्र असंच जळायचं. 'त्यांच्या'च्या जागी मी दुसरा शब्द वापरला होता.

कापडवाल्यानं आपली स्कूटर हळूच मागे घेतली. बाकावरचं कुणी हसलं नाही. कुंकू तर सगळ्यांनाच दिसत होतं. बॅटरीवर ते आपोआप चढत नाही, हेही कळायला हवं होतं. पण कुणी बोललं नाही.

मिस्त्रीनं त्याच बोटानं बोल्ट दाखवला असता, तर मी मेलो असतो. त्यानं दाखवला नाही. डबा लावला आणि म्हणाला, "गाडी घेऊन जा, साहेब. मी नाही बनवत."

या गप्प बसण्याचा मला आजही राग आहे. त्यानं भांडायला हवं होतं.

सोमवारी मोठ्या साहेबांनी विचारलं, "मग? तुमचा मिस्त्री?"

"हात भरवशाचा नाही, साहेब."

जागा दुसऱ्याला मिळाली. चौकातली गिऱ्हाइकंही हळूहळू तुटली. कापडवाल्यानं बाजारात सांगितलं असेल. वर्षभरात कडुनिंबाखाली फक्त तेलाचे डाग उरले. गाडी मी भंगारात दिली. ती घेणाऱ्यानं डबा उघडला आणि चटकन म्हणाला, "अरे बापा, हिचा तर प्लस बॉडीले राहते. कोण्या शहाण्यानं उलटी लावली गा?" मी म्हटलं, "होता एक मिस्त्री."

तेव्हाही.

मागच्या वर्षी सावनेरच्या एसटी स्टँडवर तो मला दिसला. केस पांढरे, हातात टिफिन. मेहुण्यानं सांगितलं होतं, तो तिकडच्या खाणीत पाण्याचे पंप दुरुस्त करतो. कंत्राटावर, कायम नाही. मी खांबाआड सरकलो, पण त्यानं पाहिलं होतं. सरळ माझ्याकडे आला.

"गाडी चालते काय, साहेब?"

"दिली ती."

"चांगली होती," तो म्हणाला. टिफिन या हातातून त्या हातात घेतला. मी काही बोलेन म्हणून थांबला असावा. मी एसटीच्या पाटीकडे पाहत राहिलो. बस आली आणि मी चढलो.

माझ्याकडे त्याचं एक वाक्य देणं राहिलं आहे, इथं सगळ्यात वर लिहिलेलं. ते कागदावर लिहून फिटत नाही. ते त्या चौकात, बाकावर जे कुणी बसले असतील त्यांच्यासमोर, त्याला शेजारी उभं करून, मोठ्यानं म्हणायचं आहे. ते मी अजून म्हटलेलं नाही.